मोजून भरलेलं हरीण

जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशात सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुली लिननच्या एका तुकड्यावर भरतकामाचे नमुने उतरवून ठेवत. त्या कापडाला कुणी मुस्टरटुख म्हणे, कुणी मॉडेलटुख. आपण त्याला नमुनापट म्हणू. आज हे पट न्युरेंबर्ग, म्युनिक, बर्लिन, हॅम्बर्गच्या संग्रहालयांत चौकटीत बसवून काचेमागे टांगलेले दिसतात. त्यामुळे हे भिंतीवर लावायला केलेलं चित्र असावं, असा पाहणाऱ्याचा समज होतो. पण जुना नमुनापट कुणी टांगत नसे. तो गुंडाळून शिवणाच्या पेटीत ठेवायचा, आणि उशीच्या अभ्र्याला किंवा टॉवेलच्या काठाला नक्षी हवी झाली की उलगडून, त्यातली हवी ती आकृती मोजून घ्यायची. एकदा केलेला पट आयुष्यभर हाताशी राहायचा. मग तो मुलीकडे जायचा आणि तिच्याकडून तिच्या मुलीकडे.

अठराव्या शतकातला एखादा उत्तर जर्मन पट समोर ठेवून पाहू. वरच्या भागात अक्षरांच्या ओळी आणि त्यांच्याखाली आकडे. मधोमध मोठ्या आकृती: फांद्यांवर पक्षी बसलेलं झाड, झाडाच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस, क्रुसावरचा ख्रिस्त आणि त्याच्या भोवती पसरलेल्या बारीकसारीक वस्तू, दांड्यावर लटकलेला द्राक्षांचा अवाढव्य घड वाहून नेणारे दोघे जण. उरलेल्या जागेत फुलदाण्या, हरीण, सिंह, मोर, पोपट, दोन डोक्यांचा गरुड, घर, पवनचक्की, गलबत, खुर्ची, कात्री, किल्ली. कुठे एखादी चांदणी, कुठे कुंपणासारखी काठाची पट्टी. आणि पानाफुलांच्या एका वर्तुळात दोन अक्षरं व एक साल. माणूस गलबतापेक्षा मोठा असतो आणि पोपट घराएवढा. एका आकृतीचा दुसरीशी संबंध असेलच असं नाही. जागा मिळेल तिथे नमुना बसवला आहे.

इंग्रजी सॅम्पलर पाहिलेल्या माणसाला इथे एक गोष्ट चटकन जाणवते. इंग्लंड-अमेरिकेतल्या मुली पटावर आपलं पूर्ण नाव, वय, कधी शाळेचं नाव आणि नीतिपर ओळी भरत. जर्मन पटावर असा मजकूर क्वचितच सापडतो. नावाची आद्याक्षरं, साल, फार तर आईवडिलांचीही आद्याक्षरं. एवढ्यावर ती मुलगी थांबते. बाकी सगळं चित्रांवर सोपवलेलं. म्हणून जर्मन पट वाचायचा तर आकृती ओळखता यायला हव्यात, आणि त्या कुठून आल्या हेही ठाऊक असायला हवं.

अक्षरांच्या ओळी मात्र शोभेच्या नव्हत्या, आणि लिहायला शिकावं म्हणूनही प्रामुख्याने भरलेल्या नव्हत्या. त्यांचं खरं काम कपाटातल्या कापडांशी होतं. लग्नात मुलीबरोबर चादरी, अभ्रे, टॉवेल, मेजपोस डझनांनी जात. लिनन महाग आणि वर्षानुवर्षं टिकणारं. खात्यापित्या घरी मोठी धुणी वर्षातून मोजक्या वेळाच निघत. मग ढिगाने साठलेलं कापड उकळायचं आणि गवतावर उन्हात पसरून पांढरं करायचं. एवढ्या कापडात कुठलं कुणाचं हे कळावं म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात फुलीच्या टाक्याने मालकिणीची आद्याक्षरं आणि क्रमांक घालत. क्रमांकामुळे कापडं पाळीपाळीने वापरता येत, आणि धुणं परत आलं की डझन पुरा भरतो का तेही लगेच समजे. पटावरची अक्षरं आणि आकडे ही त्या कामाची तयारी. जुन्या पटांवर पुष्कळदा आय आणि जे यांना एकच अक्षर असतं, तसंच यू आणि व्ही यांनाही. त्यामुळे मुळाक्षरं मोजली तर सव्वीस भरत नाहीत. मुलगी विसरली असं त्यावरून समजू नये. तेव्हाची लिपीच तशी होती.

आता मोजण्याकडे येऊ, कारण या कलेचं मर्म तिथे आहे. कापडावर आधी रेघ काढून मग ती दोऱ्याने भरायची, ही भरतकामाची एक रीत. नमुनापटावरचं बहुतेक काम दुसऱ्या रीतीचं आहे. त्यात कापडावर काहीही काढलेलं नसतं. ताण्याचे दोन दोरे, बाण्याचे दोन दोरे, त्यांवर एक फुली. ते झालं एक घर. शेजारी दुसरं घर, मग तीन घरं सोडून पुन्हा चार. हरणाची मान कुठे वळते, शिंगाला कुठे फाटा फुटतो, हे सगळं आकड्यांत सांगता येतं. चित्र काढता न येणारी नऊ-दहा वर्षांची मुलगीही मोजता येत असेल तर तेच हरीण जसंच्या तसं उतरवू शकते, आणि तिच्या पटावरून तिची नातही. हाताने पाहून काढलेली आकृती चार हातांतून गेली की बदलते. मोजलेली आकृती शंभर हातांतून गेली तरी टिकते. जर्मन नमुनापटांवरची तीच तीच हरणं, तेच मोर, त्याच फुलदाण्या तीनशे वर्षं का दिसतात, याचं माझ्या मते हेच कारण आहे. परंपरेचा अभिमान, धर्मश्रद्धा, सवय ही सगळी कारणं त्याच्या मागून येतात.

मोजण्यातली चूकही मग तितक्याच इमानाने पुढे जाते. आदम-हव्वेच्या झाडाभोवती वेटोळं घातलेला साप घरांच्या हिशेबात तिरक्या पायऱ्यांचा होतो. पुढच्या एखाद्या पटावर त्या पायऱ्यांची नुसती नागमोडी पट्टी उरते, आणि तीही कुणीतरी मन लावून मोजून भरलेली असते.

हे नमुने आधी आले कुठून? मठांमधून काही आले. छापखाना येण्याच्या आधी जर्मनीत उत्तम भरतकाम जोगिणींच्या मठांत होत असे. हेसेमधल्या आल्टेनबर्ग मठात तेराव्या-चौदाव्या शतकात पांढऱ्या लिननवर पांढऱ्याच दोऱ्याने भरलेली वेदीवस्त्रं तयार झाली. सेल शहराजवळच्या वीनहाउझेन मठात 1300च्या सुमारास लोकरीने भरलेला ट्रिस्टानच्या प्रेमकथेचा भलामोठा पट झाला. तो आजही तिथेच आहे. पण घराघरांतल्या मुलींच्या हाती नक्षी पोचली ती छापील पुस्तकांतून.

त्यासाठी ऑग्सबर्गला जावं लागतं. दक्षिण जर्मनीतलं हे श्रीमंत व्यापारी शहर. इथला मुद्रक योहान श्योनश्पेर्गर (धाकटा) याने 1523च्या सुमारास विणकाम-भरतकामाच्या नक्ष्यांचं पुस्तक छापलं. अशा प्रकारचं आज माहीत असलेलं ते सर्वांत जुनं छापील पुस्तक मानलं जातं. 1527 साली कोलोनमध्ये पेटर क्वेंटेलचं पुस्तक आलं, आणि मग इटली, फ्रान्स, इंग्लंड इथे अशा पुस्तकांची रीघ लागली. चित्रकार हान्स होल्बाइन (धाकटा) याच ऑग्सबर्गचा. पुढे इंग्लंडच्या राजदरबारात त्याने जी व्यक्तिचित्रं रंगवली, त्यांतल्या गळपट्ट्यांवरचं आणि मनगटांवरचं काळं भरतकाम इतकं नेमकं आहे की टाके मोजावेत. व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या राणी जेन सिमोरच्या चित्रात तिच्या बाह्यांची टोकं पाहावीत. दुहेरी धावदोऱ्याच्या त्या टाक्याला पुढे होल्बाइनचंच नाव पडलं. एकदा धावदोरा घालत जायचं आणि परतीच्या फेरीत सुटलेल्या जागा भरायच्या; कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. टॉवेल, पडदे, गळपट्टे दोन्हीकडून दिसायचे, म्हणून या टाक्याची किंमत.

तरीही नमुनापटांच्या जगात एकच नाव घ्यायचं तर ते न्युरेंबर्गच्या योहान सिबमाखरचं. तो ताम्रपटावर आम्लाने चित्रं कोरणारा कारागीर. 1605 साली त्याने हजारो सरदार घराण्यांच्या कुलचिन्हांचा ग्रंथ काढला, आणि कुलचिन्हांच्या अभ्यासकांना तो त्यासाठीच माहीत असतो. पण त्याआधी, 1597 आणि 1604 साली, त्याची नक्ष्यांची दोन पुस्तकं आली होती. आधीची पुस्तकं लाकडी ठशांवर छापलेली. त्यांत बारीक रेघ नीट उठत नसे. सिबमाखरने तांब्यावर बारीक चौकटींची जाळी कोरली आणि तिच्यातली घरं भरून आकृती उभ्या केल्या. हरीण, एकशिंगी घोडा, मोर, पेलिकन, फुलदाणी, वेली, काठ. भरलेलं घर म्हणजे टाका, रिकामं घर म्हणजे कापड. वाचता न येणाऱ्या बाईलाही पान उघडताच काय करायचं ते समजे. कुलचिन्हांवर हात बसलेला माणूस जनावरं काढतो, तेव्हा ती एका बाजूने पाहिलेली, ताठ आणि लांबूनही ओळखू येणारी असतात. फुलीच्या टाक्याला नेमकं तेच लागतं. सिबमाखर 1611 साली वारला. त्याच्या आकृती मात्र अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या पटांवर, त्याचं नावही न ऐकलेल्या मुलींच्या हातून, भरल्या जात राहिल्या.

पुस्तकं मात्र फारशी उरली नाहीत. ती वापरून संपली. चौकटींची नक्षी मोजून घेता येई, पण मोकळ्या वळणाची नक्षी कापडावर उतरवायला पानाला रेघेरेघेने सुईची भोकं पाडत आणि वरून कोळशाची पूड दाबत. आपल्याकडे भरतकामवाले साडीवर नक्षी उतरवताना टोचलेल्या ट्रेसिंग पेपरवरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड फिरवतात, तसंच. दहा-वीस वेळा असं झालं की पान फाटायचं. कुणी पानं कापून मैत्रिणींत वाटून घेई. त्यामुळे पुष्कळ पुस्तकांच्या अगदी मोजक्या प्रती आज शिल्लक आहेत, त्याही अपुऱ्या. आर्थर लोत्स या अभ्यासकाने या पुस्तकांची तपशीलवार सूची 1933 साली केली. या विषयावर काम करणाऱ्यांना आजही ती उघडावी लागते. कागद गेला आणि कापड उरलं, हे मला या इतिहासातलं फार मोलाचं वाटतं. काही नक्ष्यांचा माग आज मुलींच्या पटांवरूनच लागतो.

सिबमाखरनंतर न्युरेंबर्गमध्ये हे काम स्त्रियांनी पुढे नेलं. प्रकाशक पाउल फ्युर्स्टची मुलगी रोझिना हेलेना फ्युर्स्ट हिने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नक्ष्यांची पुस्तकं काढली. 1725च्या सुमारास मार्गारेटा हेल्मचं पुस्तक आलं. आणि या दोघींच्या मधल्या काळात न्युरेंबर्गमध्ये राहत होती मारिया सिबिला मेरियान. पुढे सुरिनामच्या जंगलात जाऊन फुलपाखरांचं जीवनचक्र रंगवणारी म्हणून जग तिला ओळखतं. पण 1675पासून तिने तीन भागांत फुलांच्या चित्रांचं जे पुस्तक काढलं, ते भरतकाम आणि चित्रकला करणाऱ्यांना नमुने मिळावेत म्हणून. गावातल्या मुलींना ती चित्रकला आणि भरतकाम शिकवत असे. कीटकांकडे इतक्या बारकाईने पाहणारी तिची नजर सुईच्या आणि ब्रशच्या कामात तयार झाली होती.

आता आकृतींचे अर्थ. जर्मन पटावर सर्वांत लक्ष वेधून घेतो तो क्रूस आणि त्याच्या भोवतालच्या वस्तू. ख्रिस्ताच्या अखेरच्या तासांची सगळी कथा त्या वस्तूंत आहे. शिडी, हातोडा, पकड, खिळे. काट्यांचा मुकुट. त्याच्या कुशीत खुपसलेला भाला, आणि आंबेत भिजवून वेताच्या टोकाला लावून दिलेला स्पंज. त्याच्या अंगरख्यासाठी शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्या, म्हणून तो अंगरखा आणि फासे. यहूदाने घेतलेल्या तीस नाण्यांची थैली. पेत्राने तीन वेळा नाकारल्यावर आरवलेला कोंबडा. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही त्याला पटावर कोंबडा, शिडी आणि फासे शेजारी शेजारी पाहून काही अंदाज लागणार नाही. ज्या मुलीने ते भरले तिला प्रत्येक वस्तूबरोबर कथेतला एकेक प्रसंग आठवत असणार, कारण चर्चमध्ये याच वस्तू तिने वेदीवर कोरलेल्या पाहिल्या होत्या. कॅथलिक आणि ल्युथरपंथी, दोन्ही घरांतल्या पटांवर हा समूह सापडतो.

द्राक्षांचा घड वाहून नेणारे दोघे म्हणजे यहोशवा आणि कालेब. मोशेने कनान देश कसा आहे ते पाहायला हेर पाठवले, आणि तिथली जमीन किती सुपीक आहे याचा पुरावा म्हणून ते दोघांना उचलावा लागेल एवढा घड घेऊन आले, ही जुन्या करारातली गोष्ट. ख्रिस्ती परंपरेत दांड्याला लटकलेला तो घड क्रुसावरच्या ख्रिस्ताचं पूर्वचिन्ह मानला गेला. आकृती म्हणूनही ती घरांवर सुरेख बसते: मधोमध घड आणि दोन्ही बाजूंना सारखाच माणूस, उजवा मोजून झाला की डावा उलटा मोजायचा. आदम आणि हव्वा इतके लोकप्रिय होण्यामागेही हे एक कारण असावं. पापाची गोष्ट महत्त्वाची खरीच, पण झाडाच्या दोन बाजूंना दोन माणसं ही रचना मोजायलाही सोपी. पेलिकन आपली छाती चोचीने फोडून पिलांना रक्त पाजतो अशी जुनी समजूत होती, म्हणून तो ख्रिस्ताच्या बलिदानाचं चिन्ह. स्तोत्रसंहितेत तहानलेल्या आत्म्याला पाण्यासाठी आसुसलेल्या हरणाची उपमा आहे, म्हणून हरीण. कार्नेशनची मिटलेली कळी खिळ्यासारखी दिसते, म्हणून ते फूल ख्रिस्ताच्या यातनांशी जोडलं गेलं.

इथे थोडं सावध राहावं असं मला वाटतं. नमुनापटांवरच्या पुस्तकांत प्रत्येक आकृतीपुढे तिचा अर्थ लिहून ठेवण्याची प्रथा आहे: मोर म्हणजे अमरत्व, कुत्रा म्हणजे निष्ठा, पोपट म्हणजे अमुक. क्रुसाभोवतीच्या वस्तूंबद्दल शंका नाही. त्या दुसऱ्या कशासाठी तिथे आलेल्याच नाहीत. पण हरीण सिबमाखरच्या पुस्तकात स्तोत्राशिवायही उभं आहे, शिकारीच्या दृश्यातही धावतं आहे. खुर्ची आणि कात्री यांचा गूढार्थ शोधत बसण्यापेक्षा त्या रोज वापरातल्या वस्तू होत्या असं मानणं मला अधिक बरोबर वाटतं. पटाच्या एका कोपऱ्यात सात घरांची जागा उरली, सात घरांत मावणारा पक्षी हाताशी होता, तो तिने बसवला. अर्थ आणि जागा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि कुठे कोणती भारी ठरली ते पटावरच्या मांडणीवरूनच ठरवावं लागतं. मधोमध, मोठ्या मापात, जोडीने बसवलेली आकृती आणि कडेला कोंबलेली आकृती यांना एकाच तराजूत तोलू नये.

काही आकृती इतिहासाच्या तारखा सांगतात. ट्यूलिप तुर्कांकडून युरोपात आलं. निसर्गशास्त्रज्ञ कोनराट गेस्नरने ते 1559च्या एप्रिलमध्ये पाहिलं, ते पुन्हा ऑग्सबर्गमध्येच, एका श्रीमंताच्या बागेत, आणि दोन वर्षांनी त्याचं वर्णन छापलं. तीन पाकळ्यांचं, एका बाजूने पाहिलेलं ट्यूलिप चौकटींवर इतकं सहज उतरतं की पुढच्या काळात ते जर्मन लोककलेचं लाडकं फूल होऊन बसलं. दोन डोक्यांचा गरुड पवित्र रोमन साम्राज्याचा. ते साम्राज्य 1806 साली बरखास्त झालं, तरी गरुड पटांवर पुढेही दिसतो. साम्राज्य गेलं म्हणून कुणी त्याची घरं उसवत बसलं नाही.

रंगांची कहाणी वेगळी आहे. लाल मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांपासून, पिवळा वेल्ड नावाच्या झुडपापासून, निळा वोड या वनस्पतीपासून. थ्युरिंगियातली एर्फुर्ट आणि आसपासची गावं वोडच्या व्यापारावर गबर झाली होती. भारतातून समुद्रमार्गे नीळ यायला लागली, तेव्हा या व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय आला. साम्राज्याच्या 1577च्या फर्मानात या परक्या रंगाला सैतानी आणि कापड खाणारा ठरवून बंदी घातली गेली. बंदी टिकली नाही, कारण नीळ कितीतरी गडद आणि किफायतशीर होती. पटांवरचा हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून केलेला असे. उजेडात पिवळा आधी उडतो. म्हणून जुन्या पटांवर पानं आज निळी दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटतं की मुलीला निळी झाडं आवडत होती. पट उलटा करून पाहिला की मागच्या बाजूला, जिथे ऊन पोचलं नाही, तिथे हिरवा शाबूत असतो. काळ्या आणि गडद तपकिरी रेशमाचं दुःख याहून मोठं. तो रंग लोह आणि मायफळासारख्या तुरट द्रव्यांतून तयार होई, आणि त्यातलं लोह हळूहळू रेशीमच खाऊन टाकी. त्यामुळे आकृतींच्या काळ्या कडा गळून जातात, आणि कधी कधी सुईने पाडलेल्या भोकांवरूनच तिथे काय होतं ते ओळखावं लागतं.

याच काळ्या रेशमाची आवड हॅम्बर्गच्या आग्नेयेला, एल्बेकाठच्या फीरलांडे भागात होती. कुर्स्लाक, किर्शवेर्डर, नॉयेनगाम, आल्टेनगाम ही चार गावं. 1420पासून 1860च्या दशकापर्यंत हॅम्बर्ग आणि ल्युबेक या दोन शहरांनी त्यांच्यावर एकत्र राज्य केलं. इथले श्रीमंत शेतकरी भाजी-फळं हॅम्बर्गच्या बाजारात विकत आणि घरातल्या लाकडी जडावकामावर, पोशाखावर, भरतकामावर हौसेने खर्च करत. फीरलांडेचा पट लांबूनही ओळखू येतो. पांढऱ्या लिननवर फक्त काळे रेशीम, आणि चांदण्या, तारे, वर्तुळात बसवलेली भौमितिक फुलं. माणसं-जनावरं कमी. रंग काढून घेतला की रचना किती सुरेख असावी लागते, ते इथे दिसतं. मला जर्मन पटांत हे सर्वांत जास्त आवडतात.

इतर प्रांतांच्या तऱ्हा थोडक्यात सांगतो. ड्रेस्डेनचं नाव अठराव्या शतकात मलमलीवरच्या पांढऱ्या कामासाठी झालं. दोरे ओढून-बांधून कापडातच जाळी तयार करायची, ती लेसच्या जागी वापरली जाई. हेसेतल्या श्वाल्म भागात पांढऱ्यावर पांढरं, हृदयं, ट्यूलिप आणि पक्षी. उत्तरेत रफूचे पट: कापडाला मुद्दाम भोक पाडायचं आणि दोन रंगांच्या दोऱ्यांनी ते असं विणून बुजवायचं की साधी, तिरपी, दमास्क अशी प्रत्येक वीण ओळखू यावी. लिनन टिकवायचं म्हणजे रफू यायलाच हवं. शोभेच्या पटांपुढे हे पट कुणी फारसे पाहत नाही, पण कौशल्याचा कस लागतो तो तिथेच.

हे नमुने समुद्रापलीकडेही गेले. 1683पासून पेनसिल्व्हेनियात वसलेल्या जर्मन कुटुंबांतल्या मुली लिननचे लांब टॉवेल भरून खोलीच्या दारावर लावत. तिथे हृदयातून उगवलेल्या फुलांची एक आकृती वारंवार भेटते, आणि तिच्याभोवती सात अक्षरं विखुरलेली असतात: ओ, ई, एच, बी, डी, डी, ई. एका जर्मन वचनातल्या शब्दांची ती आद्याक्षरं. उदात्त हृदया, आपल्या शेवटाचा विचार कर, असा त्याचा आशय. जर्मन समजेनाशी झालेल्या नातींनीही पुढे ती अक्षरं मोजून भरली असतील, असं मानायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकात बर्लिनने पटाची गरजच कमी केली. 1804 साली तिथे चौकटींच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने विकायला आले. 1810 साली विटिख या चित्रविक्रेत्याने, बायकोच्या आग्रहावरून, हा धंदा मोठा केला. 1840पर्यंत असे सुमारे 14,000 नमुने निघाले असा एका समकालीन इंग्रज लेखिकेचा अंदाज आहे. आता प्रत्येक घराचा रंगही कागदावर आयता मिळत होता, आणि सोबत मऊ मेरिनो लोकर. गुलाबाचे गुच्छ, कुत्रे, प्रसिद्ध तैलचित्रांच्या नकला. नमुना दुकानात मिळतो म्हटल्यावर तो कापडावर जपून कोण ठेवील? मग शाळा आल्या. प्रशियात 1872च्या नियमांनी मुलींना प्राथमिक शाळेत हस्तकाम सक्तीचं झालं. त्या वर्गांतले पट म्हणजे जाळीदार कापडावर लाल सुताने घातलेली मुळाक्षरं आणि आकडे, साऱ्या वर्गाचे जवळजवळ सारखे. हरीण, मोर, कालेब आणि यहोशवा त्यांतून निघून गेले.

पण ते हरवले नाहीत. बर्लिनच्या फ्रीडा लिपरहाइडे आणि तिचा नवरा फ्रान्झ हे दोघे फॅशनचं मोठं नियतकालिक चालवत. 1878पासून फ्रीडाने जुन्या जर्मन लिनन भरतकामाचे नमुने जुन्या पुस्तकांतून आणि जुन्या कापडांवरून गोळा करून छापायला सुरुवात केली, आणि घरोघरच्या टॉवेलांवर लाल-निळ्या सुतात ती जुनी नक्षी परत आली. 1889 साली वैद्यकशास्त्रज्ञ रुडोल्फ फिरशोच्या पुढाकाराने बर्लिनमध्ये जर्मन लोकपोशाख आणि घरगुती कारागिरीचं संग्रहालय उघडलं. आजच्या युरोपीय संस्कृतींच्या संग्रहालयाचा उगम तिथे आहे. त्याच दशकात, तेव्हा जर्मन साम्राज्यात असलेल्या आल्सासमधल्या डोर्नाख इथे तेरेझ द दिलमाँ ही मूळची ऑस्ट्रियाची बाई भरतकामाचा विश्वकोश लिहीत होती. तो 1886 साली निघाला, तिच्या शेजारच्या डीएमसी या सूत कारखान्याच्या पाठबळाने. डीएमसीच्या रंगीत लडी पुण्या-मुंबईच्या भरतकामाच्या दुकानांत आजही मिळतात.

सिबमाखरच्या पुस्तकांच्या जुन्या प्रती आता मोठ्या संग्रहालयांनी आणि ग्रंथालयांनी संकेतस्थळांवर खुल्या केल्या आहेत. फुलीचा टाका येणाऱ्या कुणालाही त्यातलं हरीण मॅटीच्या कापडावर उतरवता येईल. दोन लडी पुरतात. बऱ्याच काठांची नक्षी अर्धीच छापलेली सापडेल, उरलेली अर्धी आरशातल्यासारखी उलटी मोजायची आहे. आणखी एक फरक लक्षात ठेवावा. मॅटीचं घर चौरस असतं. हातमागाच्या लिननमध्ये ताण्याचे आणि बाण्याचे दोरे क्वचितच सारखे दाट असत. त्यामुळे जुन्या पटांवर तेच हरीण कधी लांबट, कधी बुटकं दिसतं, आणि वर्तुळं अंडाकृती होतात. घरं मात्र तेवढीच असतात, मोजून पाहावीत.